साप रुळेपर्यंत

त्या जाड्या माणसाचा दंड तिने पट्ट्याने आवळला, मूठ मिटायला सांगितली आणि ती बोटाने शीर चाचपत होती, तेवढ्यात तिच्या एप्रनच्या खिशातला फोन थरथरला. फोन तिचा नव्हता, भावाचा होता. तीन महिन्यांपूर्वी झटका येऊन त्याचा उजवा हात लुळा पडला, बोलणं अडखळायला लागलं, तेव्हापासून त्याचा फोन तीच बाळगत होती. येऊन जाऊन क्रेनच्या कंपनीतले लोक चौकशी करायचे, आणि ‘सुधारणा आहे, वेळ लागेल’ हे उत्तर तिला इतकं पाठ झालं होतं की ते देताना ती दुसऱ्या हाताने नळ्यांवर चिठ्ठ्याही चिकटवू शके. तिने फोन थरथरू दिला, सुई अलगद शिरेत सरकवली, नळी भरली, कापूस दाबून धरायला सांगितला. जाड्या माणसाने ‘झालं पण?’ म्हणत डोळे उघडले तेव्हा कोपऱ्यात जाऊन तिने परत फोन लावला.

“नमस्कार साहेब,” पलीकडचा माणूस उत्साहात म्हणाला, “तुमचं पिल्लू तयार आहे. तीनदा खाल्लंय पठ्ठ्याने, आपणहून. केव्हा नेताय?”

“कसलं पिल्लू?”

“कॉर्न स्नेकचं. सांगून ठेवलं होतं ना... हा क्रेनवाल्या साहेबांचाच नंबर ना?”

“मी त्यांची बहीण.”

“मग ताई, त्यांना निरोप द्या, साप तयार आहे म्हणून. बिनविषारी असतो, घाबरण्यासारखं काही नाही. टाकी, हीटर सगळं मागेच पोचवलंय आम्ही. गोदामांच्या मागची गल्ली, तिसरा मजला. तोच पत्ता आहे ना अजून?”

“हो, तोच,” ती म्हणाली. असं का म्हणाली ते तिला नंतरही उमगलं नाही. बहीणभाऊ गेली तीस वर्षं पाण्याच्या टाकीजवळच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहत होते. गोदामांच्या मागे गल्ली आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

पुढची बाई किडकिडीत होती. तिच्या हातावरच्या शिरा लांबूनही दिसत होत्या, आणि तरीही सुई चुकली. दुसऱ्यांदाही चुकली. लॅबमध्ये तिला सगळे ‘एकटोची’ म्हणत. बावीस वर्षांत तिने लहान मुलं, म्हातारे, शिरा जळून गेलेले लोक, सगळ्यांचं रक्त एका टोच्यात काढलं होतं आणि त्या नावाचा तिला मनातून अभिमान होता. बाई म्हणाली, “असू दे हो, होतं कधीकधी.” ती समजूत तिला दोन टोच्यांपेक्षा जास्त बोचली. दुपारभर नळ्या फिरवणाऱ्या यंत्राच्या घरघरीत ती उभी राहिली. साप तिच्या डोक्यात अजून नीटसा शिरलाच नव्हता. शिरला होता तो तिसरा मजला. तीस वर्षांत त्याने तिच्यापासून काय काय लपवलं होतं हे ती आठवत राहिली: शाळेत एकदा नापास झाल्याचं, सिगारेट, त्या तिकीट खिडकीवरच्या मुलीचं प्रकरण. प्रत्येक गोष्ट आठवड्याभरात तिला कळली होती. कळायचीच. चेहऱ्यावर काही ठेवता येत नसे त्याला. मग एवढी मोठी खोली त्याने कुठे ठेवली होती?

संध्याकाळी ती त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि नेहमीप्रमाणे वाटीतला मऊ भात चमच्याने भरवायला लागली. त्याच्या तोंडाची उजवी बाजू नीट मिटत नसे. कडेने ओघळलेलं ती चमच्याच्या धारेने निपटून पुन्हा आत सरकवी, आणि तो त्या वेळी तिच्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीकडे बघत राही. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की डाव्या हाताने त्याचं त्याला खाऊ दे, सांडलं तर सांडू दे. ‘उद्यापासून,’ असं ती म्हणाली होती, आणि ते उद्या अजून उजाडलं नव्हतं. सांडलेलं तिला बघवत नसे. शिवाय भरवायची तिला सवय होती. ती नऊ वर्षांची आणि तो दोनचा असताना आई इस्पितळाच्या धुलाईखात्यात पाळीवर जायची, वडील नव्हतेच, आणि निघताना आई दारातून सांगायची, “बाळ्याला जेवू घाल गं.” बाळ्या तोंड घट्ट मिटून बसायचा. मग तिने युक्ती शोधली होती. नाक चिमटीत धरलं की श्वासासाठी तोंड उघडतं, उघडलं की घास आत. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, “हिच्या हातून बघा कसा मुकाट जेवतो.” एकदा घास घशात अडकून तो निळा पडला होता. तिने त्याला पालथा धरून पाठीवर बुक्के मारले, घास पडला, तो रडला, आणि तिने फरशी पुसून टाकली. हे आजवर तिने कुणाला सांगितलं नव्हतं. चाळिशी उलटली तरी ती त्याला बाळ्याच म्हणे.

“फोन आला होता,” ती म्हणाली.

त्याने भुवया उचलल्या.

“सापवाल्याचा. साप तयार आहे म्हणे.”

घास तोंडात तसाच राहिला. मग त्याने तो गिळला, नीट गिळला, आणि म्हणाला, “आण.”

“आण काय आण! घरात साप?”

“टाकी...” पुढचा शब्द सापडायला त्याला वेळ लागला. “दुसरीकडे.”

“माहीत आहे मला. पत्ता सांगितला त्याने.”

त्याने भिंतीवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांत त्याने असं सरळ पाहिलं नव्हतं. “किल्ली,” तो म्हणाला, “पाकिटात.” ती चपटी पिवळी किल्ली तिने या तीन महिन्यांत दहादा तरी पाहिली होती. त्याच्या कामावरच्या कपाटाची असेल, असं ती धरून चालली होती. आता विचारायची वेळ होती आणि तिने विचारलं नाही. वाटीच्या तळाचं खरवडून शेवटचा घास पुढे केला, आणि त्यानेही तो मुकाट्याने घेतला.

सुटीच्या दिवशी ती गेली. गल्लीत एका बाजूला बंद गोदामांचे पत्र्याचे दरवाजे आणि दुसऱ्या बाजूला एक अरुंद, स्वच्छ इमारत होती. खोली एकच, खिडकी मोठी. खिडकीतून लांबवर दोन क्रेन दिसत होत्या, एक चालू, एक थांबलेली. खोलीत एक लोखंडी कॉट, एक खुर्ची, भिंतीशी लाकडी घडवंचीवर काचेची लांबट टाकी. तिच्यात लाकडाचा भुसा पसरलेला, दोन टोकांना दोन उपडे कुंडे, पाण्याची वाटी कोरडी. मोरीजवळच्या फळीवर एक ताटली, एक पेला, एक चमचा. तो एकटा चमचा ती बराच वेळ बघत राहिली. मालकीणबाई मागून येऊन दारात उभ्या राहिल्या. “तुम्ही ताई का? बरे आहेत का ते आता? कंपनीतून कळलं मला. फार सज्जन माणूस, वर्षाचं भाडं आगाऊ दिलंय. मला म्हणाले, ताईला सापाची भीती वाटते म्हणून ही वेगळी खोली. आधी साप रुळू दे, मग ताईला सांगतो, असं म्हणाले होते.” ती हसली आणि म्हणाली, “हो, भीती वाटते खरी.” वास्तविक तिने आयुष्यात साप कधी जवळून पाहिलाच नव्हता. भीती वाटते की नाही, हे तिला तरी कुठे माहीत होतं! टाकी टेम्पोत चढवून ती ड्रायव्हरच्या शेजारी बसली. सापासाठी खोली घेतली, की खोली घेण्यासाठी साप? प्रत्येक खड्ड्याला मागे काच खडखडे आणि तिचा हात आपोआप मागे जाई.

सापवाला म्हणजे जाड भिंगाचा चष्मा लावलेला, लांब मानेचा एक शांत माणूस निघाला. त्याच्या दुकानात डब्यांवर डबे रचलेले होते आणि एका वाचनालयासारखी शांतता होती. एका छोट्या डब्यातून त्याने साप काढला. पेन्सिलीएवढा जाड, नारिंगी, पाठीवर काळ्या कडेचे तांबडे ठिपके, आणि पोट बघावं तर बुद्धिबळाच्या पटासारखं काळंपांढरं. तो त्याच्या बोटांतून असा वाहत होता, जणू त्याला कुठे पोचायची घाईच नाही. “आधी आठवडाभर हात लावायचा नाही,” सापवाला सांगत होता. “बघायचंसुद्धा लांबूनच. नव्या जागेची त्याला धास्ती असते. मग खायला. खाल्लं की पुन्हा दोन दिवस हात नाही, नाहीतर ओकून टाकतो. खाण्याआधी आणि नंतर हात धुवायचे. हाताला उंदराचा वास असेल तर तो बोटालाच उंदीर समजेल, त्यात त्याची काय चूक? धरा आता.” तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. पुन्हा पुढे केला, पुन्हा मागे घेतला. “तुम्ही काय काम करता ताई?” त्याने विचारलं. तिने सांगितलं. “मग झालं की! पेशंटकडे अशा चाचरत हात नेता का तुम्ही? तुमचा हात चाचरला की त्यालाही वाटतं, हे काहीतरी चोरटं प्रकरण आहे.” त्या दिवशी तिला धरता आला नाही तो नाहीच. छोट्या डब्यात साप आणि दुसऱ्या पिशवीत गोठवलेली उंदरांची गुलाबी पिल्लं घेऊन ती घरी आली. पिल्लं तिने एका पत्र्याच्या डब्यात घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवली, आणि डब्यावर लॅबमधली चिठ्ठी चिकटवली: उघडू नये. घरात उघडणारं दुसरं होतं कोण!

तो आठवडा तिला जड गेला. टाकी त्याच्या खुर्चीसमोर ठेवली होती. ती कामावरून यायची तर खुर्ची टीव्हीकडून टाकीकडे वळलेली असायची. लुळ्या हाताचा माणूस खुर्ची कशी वळवतो, हे काही तिला दिसलं नाही. दुपारी डोकावणाऱ्या शेजारच्या काकूंनी दारातूनच डोकावायला सुरुवात केली. व्यायामवाली मुलगी पहिल्या दिवशी किंचाळली, दुसऱ्या दिवसापासून मात्र “चला, उठा, त्याला बघायला चार पावलं” असं म्हणून ती त्याला चालवायला लागली. साप बहुतेक वेळ गरम बाजूच्या कुंड्याखाली असायचा. कधी कुंड्याच्या फटीतून फक्त जीभ बाहेर यायची, हवा चाखून आत जायची. भाऊ ते तास न् तास बघे. काय बघतो हा, असं तिच्या मनात यायचं, आणि मग तीही हातातलं काम सोडून मागे उभी राहायची. काहीच घडत नसायचं. तिला काही न घडण्याची सवय नव्हती. लॅबमध्ये दर चार मिनिटांनी नवा दंड पुढे येई. घरी आली की औषधं, आंघोळ, घास. इथे एक जीव होता आणि त्याच्यासाठी करायचं काय, तर काही करायचं नाही.

आठव्या दिवशी संध्याकाळी तिने उंदराचं एक पिल्लू पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवलं, मऊ झाल्यावर कागदाने टिपलं, लांब चिमट्यात धरलं आणि टाकीचं झाकण उघडलं. कुंडा उचलला. साप वेटोळं करून बसला होता. तिने पिल्लू त्याच्या नाकासमोर नेलं. त्याने मान मागे घेतली. तिने आणखी पुढे नेलं. तो सरकला, भुशातून दुसऱ्या कुंड्याकडे निघाला. चिमटा त्याच्या मागोमाग. “खा रे बाबा, खा,” ती पुटपुटत होती, “एवढा जीव, आठ दिवसांचा उपाशी, खायला नको?” तिने दुसरा कुंडाही उचलला. आता त्याला लपायला जागा उरली नव्हती. तो कोपऱ्यात काचेला चिकटला, शेपटीचं टोक भुशात थरथरायला लागलं, आणि तिने पिल्लू त्याच्या तोंडाला लावलं, मग पुन्हा लावलं, पुन्हा.

“थांब!”

आजारानंतर एवढा मोठा आवाज त्याच्या तोंडून निघाला नव्हता. चिमटा तिच्या हातातून भुशात पडला. तो खुर्चीत पुढे वाकला होता, डाव्या हाताने खुर्चीची कड आवळून.

“मागे... लागू नकोस त्याच्या.”

“मी मागे लागतेय? त्याच्या भल्यासाठीच ना? उपाशी मरू दे का त्याला?”

“तू...” शब्द येत नव्हता. तिला तो माहीत होता, ती त्याला एरवी अडलेले शब्द पुरवत असे, पण हा तिने पुरवला नाही. त्याचा चेहरा लाल झाला, ओठांची उजवी बाजू ओढली गेली, आणि मग तो शब्द त्याचा त्यानेच वर काढला. “तू नेहमी मागे लागतेस.”

तिने दोन्ही कुंडे जागच्या जागी ठेवले, झाकण लावलं, पिल्लू कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं आणि ओट्याशी जाऊन हात धुवायला लागली. हात बराच वेळ धुतले. नळ चालू ठेवूनच, मागे न वळता ती म्हणाली, “म्हणून खोली घेतलीस?”

“हो.”

तिला वाटलं होतं की तो निदान थोडे आढेवेढे घेईल. नळ तिने बंद केला. बाहेरच्या खोलीत खुर्ची कुरकुरली. “साप पण... आवडतो,” तो म्हणाला, अगदी प्रामाणिकपणे, जणू कुणाला अर्धवट माहिती जायला नको. तिला हसू आलं आणि त्याचा तिला राग आला. त्या रात्री भात तिने वाटीत घातला, वाटी त्याच्या डाव्या हाताशी ठेवली, चमचा वाटीत उभा केला आणि ती आतल्या खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसली. चमचा काचेच्या वाटीवर वाजत होता, थांबत होता, एकदा खाली पडला. तिने एकाच टॉवेलची घडी चारदा घातली. वीस मिनिटांनी बाहेर आली तेव्हा भात त्याच्या शर्टावर होता, मांडीवर होता, जमिनीवर होता, आणि वाटी रिकामी होती. “किती गेला पोटात?” तिने विचारलं. “निम्मा,” तो म्हणाला. तिने फडकं त्याच्या गुडघ्यावर ठेवलं आणि पुसलं मात्र नाही. हे तिला सोपं गेलं असं मुळीच नाही. अंथरुणावर पडल्यावर नऊ वर्षांच्या स्वतःची चिमटी तिला डोळ्यांसमोर दिसत राहिली, आणि त्या मिटलेल्या नाकाखालचं, न बोलता उघडणारं तोंड. त्याला ते आठवत असेल का? दोन वर्षांच्या पोराला काय आठवणार! पण आठवत नसलं तरी कुठेतरी असेलच.

आता शिकवणारा तो झाला. आजारी पडायच्या आधी वर्षभर तो सापांबद्दल वाचत आला होता. क्रेनच्या केबिनमध्ये, दोन खेपांच्या मधल्या वेळात, जमिनीपासून साठ मीटरवर. त्याला सगळं माहीत होतं, फक्त हात नव्हते. तिला हात होते. “वरून नाही,” तो म्हणाला, तिने टाकीत हात घातल्यावर. “वरून... घार येते. बाजूने.” तिने हात काढला, भुशालगत बाजूने नेला. “डोकं नको. मध्यावर. खालून.” तिची बोटं सापाखाली सरकली. तो थंड नव्हता, चिकट तर नव्हताच. कोरडा, गुळगुळीत, आणि सालपटाच्या आत सगळा जिवंत. तिने उचलला. उचलल्याबरोबर त्याने अंग पिळलं, शेपूट फडफडवली आणि तिच्या तळव्यावर घाण केली. उग्र दर्प पसरला.

“बाळ्या, हगला हा! ठेवू का खाली?”

“आता नको. आता सोडलंस तर... त्याला कळेल. फडफडलं की सुटका.”

“मग काय करू?”

“काही नको. ओझं झुलतंय. थांबेल.” क्रेनच्या आकड्याला टांगलेलं ओझं वाऱ्याने झोके घ्यायला लागलं की नवशिका माणूस उलटसुलट दांडे ओढतो आणि झोका वाढवून ठेवतो, असं त्याने तिला कितीतरी वर्षांपूर्वी जेवता जेवता सांगितलं होतं. तेव्हा तिने म्हटलं होतं, बोलू नकोस, जेव. ती आता हात पसरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तळव्यावर सापाची घाण, आणि थांबली होती. साप एका बाजूने जायचा, ती दुसरा हात खाली धरायची. तिथून पुढे जायचा, ती पहिला हात पुढे आणायची. पळायला जागाच जागा आहे असं लक्षात आल्यावर त्याने पळायचं सोडून दिलं. तीन-चार मिनिटांनी तो तिच्या करंगळीभोवती शेपूट गुंडाळून मान उंचावून बसला आणि जीभ बाहेर काढून त्याने तिची हवा चाखली. “झालं,” भाऊ म्हणाला. तिच्या बगला घामाने भिजल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं, तिसऱ्या दिवशी पंधरा. चौथ्या दिवशी तिने झाकण उघडलं, बाजूने हात नेला आणि न चाचरता उचलला, आणि असं केल्याचं तिच्या लक्षात आलं ते भांड्याखालचा गॅस बंद करायला दुसरा हात मोकळा असल्यामुळे. एकदा तो चावलासुद्धा. तिने ओट्यावर काहीतरी चिरून तसाच हात आत घातला होता, चूक तिचीच. झटकन काहीतरी लागलं, सुई टोचावी त्याहून कमी, आणि बोटावर रक्ताचे दोन बारीक थेंब उभे राहिले. ती ते बघत राहिली. “एका टोच्यात,” ती म्हणाली. भाऊ हसला, वाकड्या तोंडाने, आवाज न करता, खांदे हलवत.

दुसऱ्यांदा खायला घालायचा दिवस त्यांनी दोघांनी मिळून ठरवला. पिल्लू गरम केलं, टिपलं, चिमट्याने उचलून कुंड्याच्या तोंडाशी एका चपट्या दगडावर ठेवलं. टाकीच्या समोरच्या बाजूवर जुनी चादर सोडली. “आता?” तिने विचारलं. “आता चहा,” तो म्हणाला. ते आतल्या खोलीत जाऊन बसले. त्याने कप डाव्या हाताने धरला. तिने आपला कप धरला, आणि आपण वाकून बघू नये म्हणून दार ओढून घेतलं. “पुन्हा नाही खाल्लं तर?” ती म्हणाली. “पाच दिवसांनी परत.” “आणि तेव्हाही नाही?” “परत.” तिने चहावर फुंकर घातली आणि म्हणाली, “तुला एकदा माझ्या हातून घास अडकला होता. निळा पडला होतास. आईला मी सांगितलं नाही.” तो कपाकडे बघत होता. “माहीत नाही मला,” तो म्हणाला. आणि बऱ्याच वेळाने, शब्द एकेक करून मांडत, “माझ्या मागे... दुसरं कोण लागलं असतं?” ही तक्रार होती की आणखी काही, हे तिला कळलं नाही. तिने विचारलंही नाही. अर्ध्या तासाने त्यांनी चादर वर केली. दगड रिकामा होता. साप कुंड्याबाहेर पसरून पडला होता, पोटाच्या मध्यावर एक फुगवटा घेऊन, आणि एखाद्या भरल्या पोटाच्या पाहुण्यासारखा जांभई देत होता. तिने टाळी वाजवायला हात उचलले आणि वाजवली नाही, उगाच दचकेल म्हणून.

त्यानंतर पाच महिने गेले. सापाने दोनदा कात टाकली. दोन्ही वेळा डोळे दुधाळ झाले तेव्हा त्यांनी त्याला हात लावला नाही आणि खायलाही घातलं नाही. भाऊ काठी घेऊन चालायला लागला, आधी घरात, मग जिन्यात, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. हात काही परत आला नाही. कंपनीने त्याला खाली टेबलाशी बसून वायरलेसवर क्रेनवाल्यांना सूचना द्यायचं काम दिलं. शब्द हळू येत, पण चुकीचा येत नसे, आणि वरच्या पोरांना म्हणे तेच आवडायचं. एका सकाळी चहा पिताना तो म्हणाला, “रविवारी जातो.” तिने कुठे असं विचारलं नाही. “टेम्पो सांगून ठेवते,” ती म्हणाली, आणि बशी विसळायला उठली. नळाखाली तिचे डोळे भरून आले, तेव्हा तिने बशी आणखी एकदा विसळली.

तिसरा मजला चढायला त्याला अर्धा तास लागला. ती मागे होती, साप कापडी पिशवीत घालून ती पिशवी पोटाशी धरून, अंगाची ऊब मिळावी म्हणून. प्रत्येक वळणावर तो भिंतीला टेकून दम खायचा आणि तीही दोन पायऱ्या खाली थांबायची. तिचा मोकळा हात सारखा पुढे येऊ पाहत होता. शेवटी तिने तो पिशवीखाली घातला. खोलीत टेम्पोवाल्याने टाकी आधीच मांडून ठेवली होती. भाऊ कॉटवर बसला, म्हणाला, “दे,” आणि पिशवीची गाठ दातांनी आणि डाव्या हाताने सोडवून त्याने पिशवी मांडीवर आडवी केली. साप बाहेर आला. आता तो बोटाएवढा जाड झाला होता. जरा वेळ मान उंचावून त्याने अंदाज घेतला आणि मग तो उजव्या हातावर चढला, त्या मांडीवर पडलेल्या, न हलणाऱ्या हातावर. भावाने डोळे मिटले.

“सांगू नकोस हं,” तो म्हणाला. मग, “मनगटावर.”

“नाही.”

“बोटांत.”

“नाही.”

तो थांबला. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि साप सावकाश, कुणाची वाट न बघता, शर्टाच्या बाहीत शिरत होता. “बाहीत,” भाऊ म्हणाला.

“बरोबर.”

त्याने डोळे उघडले, बाहीकडे पाहिलं. कळलं म्हणून सांगितलं की तिसरा अंदाज म्हणून, हे त्याने सांगितलं नाही. तिने फळीवरचा पेला धुतला, खिडकीची कडी बघितली, औषधांची पिशवी उशाशी ठेवली. तोवर त्याने साप बाहीतून काढून टाकीत सोडला होता. टाकीच्या झाकणाला चारी कोपऱ्यांवर चाप होते, चांगले घट्ट, एका हाताने लावायला अवघड. तिने तोंड उघडलं.

“लावतो मी,” तो म्हणाला.

“मी कुठे काय म्हणाले?” ती म्हणाली. “निघते मी. बुधवारी त्याचा खायचा दिवस.”

“माहीत आहे.”

चपला घालून ती बाहेर आली, दार ओढून घेतलं. जिन्यात उतरायला लागली तेव्हा आतून पहिला चाप लागल्याचा आवाज आला. ती पहिल्या वळणाशी पोचली. दुसरा चाप लागला नाही; धातू काचेवर घसरला, पुन्हा घसरला, काहीतरी खाली पडलं, बहुधा काठी. कठड्याला हात लावून ती उभी राहिली. मग दुसरा चाप लागला. अजून दोन राहिले होते. तिने कठड्यावरचा हात काढला आणि ती खाली उतरली. तिसऱ्याचा आवाज यायच्या आत ती रस्त्यावर पोचली होती.